यंदाचा हिवाळा जर्मनीत

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर हे सांगायला घेतले असते तर आईने मध्येच "जेवलास का" असे विचारले असते आणि बाबा गप्प झाले असते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. जर्मनीतील आइस हॉकीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधील, म्हणजे डीईएल टूमधील, एका क्लबशी मी एका मोसमाचा करार केला आहे. सही झालेली आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचे आहे आणि मार्चमध्ये, किंवा प्ले-ऑफमध्ये पोहोचलो तर एप्रिलमध्ये, परत यायचे आहे. "आधी विचारले का नाहीस" असे तुम्हाला वाटेल, तर त्याचे उत्तर एवढेच की विचारले असते तर तुम्ही दोघांनी लगेच "जा" म्हटले असते, आणि ते ऐकून मला निघणे अधिक जड गेले असते.

हा निर्णय उद्वेगातून घेतलेला नाही, हे बाबांना आधी सांगतो, कारण त्यांच्या मनात तेच येणार. ईसीएचएलमध्ये, म्हणजे इथल्या तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, एक नियम आहे, ज्याबद्दल मी घरी कधी नीट बोललो नाही. ज्या खेळाडूचे व्यावसायिक सामने २६० च्या पुढे जातात तो नियमाने 'व्हेटरन' ठरतो आणि एका सामन्यात गोलरक्षक सोडून असे चारच व्हेटरन उतरवता येतात. गेल्या मोसमात ती रेघ मी ओलांडली. आता कोणत्याही प्रशिक्षकाला मला घ्यायचे तर चार खुर्च्यांपैकी एक द्यावी लागते, आणि ती खुर्ची सहसा तीस गोल करणाऱ्याला किंवा पॉवर-प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाचा खेळ) चालवणाऱ्या बचावपटूला मिळते. विरोधी संघाचा पॉवर-प्ले रोखण्यासाठी पकसमोर, म्हणजे त्या रबरी चकतीसमोर, आडवा पडणाऱ्या माझ्यासारख्या फॉरवर्डला मिळत नाही. वरच्या एएचएलमध्येही, म्हणजे सर्वोच्च एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्येही, असाच नियम आहे, फक्त त्याचे गणित वेगळे. ज्या अनुभवासाठी आपण एवढी वर्षे घालवली, तो अनुभवच सत्ताविसाव्या वर्षी अडचण ठरावा, यात कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. या लीग तरुण मुले तयार करण्यासाठी चालतात, आणि मी आता त्यांतला राहिलेलो नाही.

बाबा, तुम्ही मार्टिन सेंट लुईचे नाव काढणार, हे मला माहीत आहे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, त्याला कोणी घेतले नाही, उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, कॅल्गरी संघाने २००० मध्ये त्याला सोडून दिले, आणि २००४ मध्ये टॅम्पा बेकडून खेळताना त्याने त्याच कॅल्गरीला अंतिम फेरीत हरवून स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, उचलला, वर त्या मोसमात सर्वाधिक गुण आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफीही मिळवली. ही गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितली आहे की आईसुद्धा ती टाळ्या घेत सांगू शकेल. सेंट लुई झाला की ॲलेक्स बरोज, जो ईसीएचएलच्या बसमधून निघून व्हँकूव्हरच्या पहिल्या फळीत पोहोचला. मग जोनाथन मार्शसो, ज्याला २०२३ च्या प्ले-ऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले गेले. सगळे खरे आहे आणि सगळे न निवडलेलेच होते. पण या नावांचा एक दुष्परिणाम असा की ती नेहमी डोळ्यांपुढे राहतात, आणि त्यांच्या शेजारच्या लॉकरमध्ये बसून निघून गेलेली मुले कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. मी त्या दुसऱ्या मुलांबरोबर जेवलो आहे. त्यांतला एक आज विमानांची इंजिने दुरुस्त करतो आणि सुखात आहे.

एनएचएलचे दार माझ्यापुढे बंद होते ते केवळ खेळामुळे, असेही नाही. माझा करार नेहमी एएचएल किंवा ईसीएचएल क्लबशी राहिला, एनएचएल संघाशी कधीच झाला नाही. अशा खेळाडूला वर बोलावायचे तर आधी एनएचएलचा नवा करार करावा लागतो, आणि एका संघाला एकूण पन्नासच करार ठेवता येतात. त्यांतले बहुतेक ड्राफ्टमध्ये निवडलेल्या मुलांनी भरलेले असतात, कारण त्यांच्यावर संघाने आपला क्रमांक खर्च केलेला असतो आणि तो वाया गेला असे कोणाला म्हणवत नाही. त्या मुलाला तीन संधी मिळतात, तिथे न निवडलेल्याला एक मिळते, आणि तीही दुसऱ्या कोणाचा गुडघा दुखावल्यावर. हे कडवटपणाने लिहीत नाही. बरोज आणि अर्षदीप बैन्स यांनी ती एक संधी साधली. सरे शहरच्या बैन्सने २०२१-२२ मध्ये डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगमध्ये ११२ गुण मिळवून सर्वांत वरचे स्थान घेतले, त्या मोसमात कुठे व्हँकूव्हरने त्याला करार दिला. ज्युनियरमध्ये माझे एका मोसमात त्याच्या निम्मेही गुण कधी झाले नाहीत. बाबा, तुम्ही त्याच्या पहिल्या सामन्याचे कात्रण मला पाठवले होते, आणि त्याच्या कितीतरी आधी, मी स्केट्स घालायला शिकत होतो तेव्हा, रॉबिन बावाचे नाव तुम्हीच सांगितले होते, की डंकन गावचा एक शीख मुलगा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळून गेला, तोही ड्राफ्टशिवाय. ती दोन्ही नावे मी जपून ठेवली आहेत. त्यांच्यापर्यंत मी पोहोचलो नाही, हे आता शांतपणे म्हणता येते.

जून २०१६ मधल्या त्या शनिवारबद्दल आपण कधी बोललो नाही, तर एकदाच बोलून टाकतो. ड्राफ्ट बफेलोत होता, आपल्या मिसिसागाच्या घरापासून दीड-दोन तासांवर, आणि माझ्या एजंटने "येऊ नका, घरीच बसा" असे सांगितले त्याच क्षणी मला बरेचसे कळले होते. सात फेऱ्या, दोनशेहून जास्त नावे. सहाव्या फेरीपर्यंत आईने पोळ्या लाटणे थांबवले नाही, आणि सातवी संपल्यावर बाबांनी टीव्ही बंद न करता नुसता आवाज कमी केला. ताईने विषय बदलायला 'बोनिनो बोनिनो बोनिनो' अशी, बोनिनो या खेळाडूच्या गोलवरच्या पंजाबी समालोचनाची नक्कल केली आणि आपण हसलो. तुम्हाला त्या दिवशी माझी काळजी वाटली, आणि मला तुमची. सोळाव्या वर्षी अमेरिकन कॉलेजऐवजी ओएचएल ही ज्युनियर लीग निवडली म्हणून असे झाले, असे बाबा अजूनही मनात धरून असतील तर कृपा करून सोडून द्यावे. तेव्हा ओएचएलमध्ये एक सामना खेळला की कॉलेजचा रस्ता बंद होत असे. ऑगस्ट २०२५ पासून तो नियमच राहत नाही. आजच्या मुलांना दोन्ही मिळते, आपल्याला एक निवडावे लागले, आणि आपण निवडलेल्या रस्त्याने मला सहा वर्षे पगार दिला आहे. त्यांतले एक महामारीने खाल्ले, ते सोडा.

आता आईसाठी. राहण्याची चिंता करू नकोस. क्लब सामान लावलेला फ्लॅट देतो, गाडी देतो, आणि विम्याचेही तेच पाहतात. गाव म्युनिकपासून रेल्वेने साधारण दीड तासावर आहे. स्वयंपाकघरात चार शेगड्या आहेत, फोटो ताईला पाठवला आहे, आणि म्युनिकमध्ये भारतीय किराणा मिळतो, त्यामुळे तूरडाळ आणि पोहे यांच्यासाठी रडायची वेळ येणार नाही. गोडा मसाला मात्र तुझ्याच हातचा लागेल. तो दोन पिशव्यांत घालून, वर तिसरी बांधून दे, कारण मागच्या वेळी माझ्या सगळ्या मोज्यांना आमटीचा वास येत होता. तिथे सामने मुख्यतः शुक्रवारी आणि रविवारी असतात. शुक्रवार, शनिवार, रविवार असे ओळीने तीन सामने आणि मधल्या रात्री बसमध्ये झोपणे, हा प्रकार संपला. बर्फाचे मैदानही आपल्यापेक्षा साधारण चार मीटर रुंद असते, त्यामुळे कठड्यावर आपटणे कमी आणि स्केटिंग जास्त. जबड्याच्या त्या प्रकरणानंतर तुला हे ऐकून बरे वाटेल. अजिबात लागणार नाही असे म्हणत नाही, तू विश्वास ठेवणार नाहीस.

एक गोष्ट लपवली तर ताईकडून कळेलच. तिथे एका सामन्यात चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात आणि परदेशी खेळाडूने गोल करावेत अशी अपेक्षा असते. इथे मला चौथ्या फळीत आठ-नऊ मिनिटे मिळत; तिथे वीस मिळतील, पण डिसेंबरपर्यंत आकडे दिसले नाहीत तर क्लब दुसरा माणूस आणू शकतो. तसे झाले तर मी नाताळाला घरी येईन आणि तुला आवडेल, म्हणून त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून कोणीतरी मला "तू गोल अडव" असे सांगत आले आहे. "तू गोल कर" असे सांगणारा प्रशिक्षक मला प्रथमच भेटतो आहे, आणि जाण्यामागचे खरे कारण, बाकी सगळे नियम आणि गणिते बाजूला ठेवली तर, हेच आहे.

बाबांना या हिवाळ्यात माझे सामने पाहायला टोलेडो, फोर्ट वेन, कलामझू असे गाडी चालवत यायचे होते, नकाशावर पेन्सिलने खुणाही केल्या होत्या, हे आईने सांगितले. ते ऐकल्यापासून मला झोप नीट लागलेली नाही. पण बाबा, खरे सांगायचे तर मला तो प्रवास नकोच होता. विंडसरच्या सरहद्दीवरच्या पुलावर, जानेवारीत, तो गुडघा घेऊन, आणि परत मध्यरात्री. आता सामने इंटरनेटवर दिसतील, आणि वेळेत सहा तासांचा फरक असल्याने तिथला संध्याकाळचा साडेसातचा सामना मिसिसागामध्ये दुपारी दीडला सुरू होईल. जेवण झाल्यावर कोचावर बसून पाहा. रात्री बारापर्यंत जागरण नाही आणि दुसऱ्या दिवशी चिडचिडही नाही. फेब्रुवारीत तुम्ही दोघे आलात तर तिकिटे मी काढीन, त्यावर वाद घालू नये.

परवा तळघरात जुनी बॅग उपसताना माझे दहाव्या वर्षीचे हातमोजे सापडले. आई, तू ते जमिनीतल्या हीटरच्या जाळीवर पालथे घालून वाळवायचीस, आणि वासासाठी शेजारी उदबत्ती लावायचीस. देवघरातली संपली की गॅरेजमध्ये लागायची. तळव्याला तू निळ्या दोऱ्याने घातलेली ठिगळे अजून घट्ट आहेत. बाबांना स्केट्सची नाडी बांधता येत नव्हती, म्हणून रिंकवरच्या दुसऱ्या एका बापाकडून ते शिकून आले आणि रात्रपाळीवरून थेट, पहाटे साडेपाचला, थंडीने सुजलेल्या बोटांनी ती ओढून बांधायचे. इतकी घट्ट की माझे पाय बधिर व्हायचे, आणि मी कधी सांगितले नाही. ड्रेसिंग रूममध्ये आजही नाडी बांधताना शेवटचा पीळ मी तुमच्याच पद्धतीने देतो.

आता काही गोष्टी, ज्यांवर चर्चा नको. बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली की ती घ्यायची. "हा परत आल्यावर बघू" असे म्हणून पुढे ढकलायची नाही, ताई वॉटरलूहून येऊन राहणार आहे, तिचे ठरले आहे. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसण्यासाठी मी माणूस ठरवून पूर्ण मोसमाचे पैसे भरले आहेत. नगरपालिकेचा नांगर जाताना तोंडाशी जो बर्फाचा ढीग टाकतो तोही त्याच्याच कामात येतो, त्यामुळे फावडे गॅरेजमध्येच राहू द्या. विनूकाकांचे काय झाले ते आपण विसरलेलो नाही. आईने रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची, आठवण आल्यावर नव्हे, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा जो आकडा येईल तो मला खरा सांगायचा, ताईला एक आणि मला एक असा नाही. ऑक्टोबरमध्ये फार्मसीत जाऊन दोघांनी फ्लूची लस घ्यायची. गाडीला हिवाळी टायर नोव्हेंबर उजाडण्याआधी. आणि मंडळाच्या गणपतीत आईने एकवीस मोदकांपेक्षा जास्त अंगावर घेऊ नयेत. यंदा नारळ खवायला मी नाही.

हे जरा दरडावून लिहिले गेले. रागावू नका. एवढ्या लांबून मला दुसरे काही करता येणार नाही, म्हणून शब्दांनीच सगळे करून ठेवतो आहे.

शनिवारी जेवायला येतो आहे, तेव्हा यावर भांडायचे असेल तर भांडू. आईने भरली वांगी केली तर मी हरायला तयार आहे.

तुमचा,
धाकटा

ता. क. दुसरी मोठी किट बॅग तळघरात जिन्याखाली आहे. ती मी स्वतः वर आणीन. बाबांनी उचलायची नाही, अर्धीसुद्धा नाही, आणि एकेक वस्तू काढून वर आणणे म्हणजेही उचलणेच.