काका, मिठाचे पैसे राहिलेत

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

परवा शाळेतलं जुनं कपाट आवरताना तुमची खजिनदारकीची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, सांगलीहून आणलेली. सगळे हिशेब कॉम्प्युटरवर असताना रोजकीर्द पेन्सिलीने कशाला लिहिता, असं मी तुम्हाला शाळेच्या बोर्डाच्या पहिल्याच मीटिंगला विचारलं होतं. "वीज गेली तर?" म्हणालात. इथे अमेरिकेत, सेंट पॉलमध्ये वीज जाते कधी, काका!

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. "ते राहू दे, थंडी किती?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

चारचौघांना आधी शाळा सांगावी लागेल. चार्टर स्कूल म्हटलं की पुण्याहून पहिला प्रश्न येतो, फी किती? फी नाही. आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखं थोडंफार: चालवते संस्था, पैसा सरकारचा. फक्त इथे पैसा मुलामागे येतो. पट घसरला की शाळा घसरली. आणि कबूल केलेलं शिकवलं नाही, तर मान्यताही जाते. अशा बंद पडलेल्या शाळा आपण दोघांनीही पाहिल्या आहेत. काहींच्या बाबतीत वाईटही वाटलं नाही.

हे सगळं मला तुम्हीच समजावलंत, मीटिंगहून परतताना, गाडीत. "चार्टर म्हणजे सनद गं. वतनाची पिढीजात असायची, ही मुदतीची. एवढाच फरक." रे बड्डी नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या प्राध्यापकाने ही कल्पना मांडली, १९८८ मध्ये शिक्षक संघटनेच्या अल्बर्ट शँकर यांनी ती उचलून धरली, आणि पुढे तेच शँकर तिचे टीकाकार झाले. १९९१ मध्ये मिनेसोटाने देशातला पहिला कायदा केला. राज्याच्या सिनेटमध्ये एम्बर रायकगॉट यांनी तो लावून धरला होता. पदरात पडली राज्यभर मिळून फक्त आठ शाळांची परवानगी. पहिली सिटी अकॅडमी, सप्टेंबर १९९२ मध्ये, आपल्याच सेंट पॉलच्या ईस्ट साइडला, महापालिकेच्या एका रिक्रिएशन सेंटरमध्ये, शाळा सोडलेल्या मुलांसाठी. एकदा तुम्ही मुद्दाम वाकडी वाट करून मला त्या भागातून नेलंत. बर्फाशिवाय काही दिसलं नाही, पण तुम्ही गाडीचा वेग कमी केलात, देवळावरून जाताना करतो तसा.

आपली शाळा तिच्याहून साधी. चर्चच्या तळघरातल्या तीन खोल्या, बहुतेक मुलं लाओसकडून आलेल्या ह्मोंग, सोमाली आणि म्यानमारकडून आलेल्या कॅरेन घरांतली. रविवारी खोल्या चर्चला लागायच्या, म्हणून दर शुक्रवारी तक्ते उतरवायचे, टेबलं मिटवायची आणि सोमवारी पुन्हा मांडायची. बिऱ्हाड पाठीवर. आमचा धाकटा मोठ्या शाळेत वर्षभर वर्गात बोललाच नव्हता, तो या तळघरात बोलायला लागला. त्याचं श्रेय त्याच्या बाईंचं. पण बाईंचा पगार वेळेवर कसा झाला, ते मला माहीत आहे.

२०११ चा जुलै. अंदाजपत्रकाच्या भांडणात राज्याचा कारभार वीस दिवस ठप्प होता. मग तडजोड निघाली ती अशी: शाळांना वर्षाच्या अनुदानातले साठ टक्के त्या वर्षी, चाळीस टक्के पुढच्या वर्षी. तेव्हा मुलामागे मूळ सूत्राची रक्कम ५,१७४ डॉलर होती; म्हणजे त्यातले दोन हजारांवर डॉलर वायद्याचे. मोठ्या डिस्ट्रिक्टना, म्हणजे सरकारी शाळांच्या मंडळांना, निदान शिल्लक असते. आपल्याकडे त्र्याऐंशी मुलं आणि एक उसना फोटोकॉपियर.

त्या संध्याकाळी बोर्डावरचे सगळे मोठ्याने बोलत होते. मी तर रडायच्या बेतात होते. तुम्ही वही आडवी धरलीत आणि पट्टीने बावन्न रेघा मारल्यात, आठवड्याला एक. डावीकडे येणं, उजवीकडे देणं. पगार शाईने लिहिलेत. भाडं, बस, कागद, तुमच्या भाषेत 'हलणारं देणं', ते पेन्सिलीने. मग एकेक आकडा खोडून खाली सरकवत गेलात. दीड तास कुणी बोललं नाही. शेवटी म्हणालात, "नोव्हेंबरचे दोन आठवडे आणि मार्चचे तीन. एवढीच भोकं आहेत. भोकांना ठिगळ लागतं, नवं धोतर नाही."

एका बँकेने नकार दिला. दुसरीकडे तुम्ही तीच वही घेऊन गेलात आणि कर्ज मिळालं, जेवढं हवं तेवढंच. चर्चने भाड्याला दोन महिने थांबायचं कबूल केलं. तुम्ही विनवणी केली नाही, पाद्रीबाईंना ते पान दाखवलंत. त्या वर्षी एकही पगार चुकला नाही. पुढच्या दोन-अडीच वर्षांत राज्याने ती उधारी फेडली.

त्यानंतरची वाढ लोकांना दिसते. दरवर्षी एक इयत्ता वाढली, बंद पडलेल्या एका शाळेची इमारत भाड्याने मिळाली, आता पट दोनशेच्या वर आहे. चर्चमधून निघताना टेबलं शेवटची मिटवली, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एक राग मात्र अजून आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की इथे चिठ्ठ्या काढतात. भावंडांना आधी जागा, बाकी सगळे नशिबावर. माझ्या मैत्रिणीची मुलगी यादीत दहावी राहिली. मी तुमच्याकडे शब्द टाकला. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी." मैत्रीण माझ्याशी वर्षभर धड बोलली नाही. तुमचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

आता खजिनदार मी आहे. त्यामुळे वही आधी खजिनदाराच्या नजरेने वाचली. जानेवारी २०१२, पान बावीस, समासात बारीक अक्षरात: 'मीठ, सहा पोती, पायऱ्यांसाठी. स्वतः.' रक्कम नाही, पावती नाही. बर्फावर टाकायचं ते मीठ चर्च देतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. चर्चमध्ये विचारलं, तर त्यांना वाटत होतं शाळा आणते. पासष्टी उलटलेला माणूस पहाटे पोती उतरवत होता आणि आम्ही आठ वाजता कोरड्या पायऱ्यांवरून मुलांना आत सोडत होतो.

पान पुढे उलटलं. फेब्रुवारीत चार पोती. मार्चमध्ये दोन.

काका, हे येणं तुम्ही लावलंच नाहीत. एवढ्या जुन्या देण्याची नोंद कुठल्या खात्यात घालायची, ते कळवा. थंडी उणे बावीस आहे, म्हणजे तो विषय झाला.

तुमची,
धाकट्याची आई