फवारलेल्या रसायनाचं नाव लेखी कळवा

प्रति,
व्यवस्थापक, पेस्ट कंट्रोल विभाग,
जळगाव शाखा

विषय : घरात गरोदर लेक असताना केलेली फवारणी

महोदय,

अमळनेरच्या आमच्या घराचा झुरळं-वाळवीचा वार्षिक करार तुमच्याकडे आहे. लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा महिना आहे, तेव्हा ही फेरी पुढे ढकला, असं मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "काकू, हर्बल आहे, गरोदर बाईलाही चालतं," असं उत्तर मिळालं. झुरळं काय तुळशीच्या रसाने मरतात?

तुमचा माणूस आला तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत द्रव घेऊन. बाटलीवर ना लेबल, ना सोबत माहितीपत्रक. ओट्याखाली, कोठीमागे सगळीकडे मारलं. कळण्याच्या पिठाचा डबाही झाकू दिला नाही. वर "तासाभरात घरात या" म्हणाला. मे महिन्यात इकडे दुपारी दारं-खिडक्या बंदच असतात. रात्री लेकीचं डोकं धरलं, डोळे चुरचुरले, उलट्या झाल्या.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न : काय फवारलं? क्लोरपायरिफॉससारखं ऑर्गनोफॉस्फेट असेल तर विषबाधेवर अ‍ॅट्रोपीन देतात, सायपरमेथ्रिनच्या जातीचं असेल तर तसा ठरलेला उतारा नाही, असं ते म्हणाले. आम्ही गप्प. तुमच्या कार्यालयात विचारलं तर "कंपनीचंच मिक्स आहे" एवढंच कळलं. सोनोग्राफी ठीक आली, पण पुढे कशावर लक्ष ठेवायचं हे नाव कळल्याशिवाय डॉक्टर तरी कसं सांगणार?

आम्ही कापूसवाले. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण आमच्याकडे शाळकरी पोरही ओळखतं : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पोटुशी बाईला आम्ही फवारणीच्या शेताकडे फिरकू देत नाही, आणि तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात बिननावाचं विष मारून गेलात. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. लेबल आणि माहितीपत्रक ही काही तुमची मेहेरबानी नव्हे.

रसायनाचं नाव, टक्केवारी, पाण्यातलं प्रमाण आणि मूळ डब्याच्या लेबलाचा फोटो मला दोन दिवसांत पाठवा. सोबत तुमच्या परवान्याची प्रत हवी. तपासण्यांचा खर्च आणि कराराचे उरलेले पैसे परत करा. पुढच्या फेरीला माणूस पाठवू नका, दार उघडणार नाही.

उत्तर आलं नाही तर कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकांकडे अर्ज देईन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावीन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, हे मी विचारून ठेवलं आहे.

आपली ग्राहक,
अमळनेर

सोबत : कराराची पावती, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत