उचलीची वहीही तपासा

ऊसतोड मजुरांच्या उचलीविषयीचा (हंगामाआधी दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेविषयीचा) आपला अग्रलेख वाचला. मजूर पुरवणाऱ्या मुकादमांवर ठपका ठेवला तो योग्यच. पण साखर घेणाऱ्या शीतपेय-बिस्किट कंपन्या त्यातून सहीसलामत सुटल्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरून उचल दिली जाते. हिशेब नवऱ्याच्या नावावर, मोळ्या बायकोच्या डोक्यावर. खाडा झाला की दंड, आणि हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या माथी. फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, तर १९७६च्या कायद्यानुसार ती वेठबिगारीच. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, कंपनी म्हणते साखर कारखान्याची. शेअर बाजाराची नियामक ‘सेबी’ने २०२२-२३पासून सर्वात मोठ्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारी अहवाल सक्तीचा केला. त्यात वेठबिगारीच्या तक्रारींचा रकाना आहे खरा, पण तो कंपनीच्या स्वतःच्या कामगारांपुरता. फडातली बाई त्यात येणार कशी? कंपन्यांनी खरेदी करारातच अट घालावी : उचल आणि मजुरीची नोंद दोघांच्या नावे स्वतंत्र, दोघांची सही वा अंगठा, आणि वही तपासणीला खुली. पोत्यातल्या साखरेचा दाणा पाहायला येणारा माणूस तीही पाहू शकेल.

– एक वाचक, माजलगाव