बर्ड फ्लू नाही म्हटल्यावर पक्षी कशाने मेले?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या तळ्यावर किंवा पोल्ट्री शेडमध्ये एकाएकी पक्षी मरू लागले की ‘बर्ड फ्लूचा संशय’ असा मथळा ठरलेला असतो. काही दिवसांनी अहवाल निगेटिव्ह येतो, सगळे हुश्श करतात आणि बातमी तिथेच थांबते. मग ते पक्षी मेले कशाने, हे वाचकाला कधीच कळत नाही. मी पशुवैद्यक आहे. मेलेले पक्षी उघडून त्यांच्या मरणाचे कारण शोधण्यातच माझी सारी नोकरी सरली. या अर्धवट राहिलेल्या बातमीमागे काही वेळा फाउल कॉलरा असतो. त्याबद्दल आपल्या पत्रात नीट छापून यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

पाश्चुरेला मल्टोसिडा या जीवाणूमुळे हा रोग होतो. गाई-म्हशींचा घटसर्प पशुपालकांना ठाऊक असतो. तो याच जीवाणूच्या वेगळ्या प्रकारांमुळे होतो. पक्ष्यांमध्ये टर्की, बदके आणि हंस याला लवकर बळी पडतात. कोंबड्यांत लहान पिलांपेक्षा वाढलेल्या कोंबड्यांना धोका जास्त, म्हणजे महिनोन्‌महिने खाऊपिऊ घालून ऐन अंड्यावर आलेला कळप हातचा जातो. संध्याकाळी दाणे टिपणारा पक्षी सकाळी मरून पडलेला दिसतो. थोडा वेळ मिळालाच, तर तो पिसे फुगवून कोपऱ्यात बसतो, चोचीतून चिकट स्राव गळतो, तुरा निळसर पडतो, हिरवट हगवण लागते. रोग रेंगाळला तर चोचीखालचा लोंबता लाल भाग सुजतो, पक्षी लंगडतो, कधी मान एका बाजूला वळून राहते.

असा पक्षी उघडला की हृदयावरच्या चरबीवर लालभडक बारीक ठिपके दिसतात. यकृत सुजलेले असते आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके डाग विखुरलेले असतात. हृदयातल्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट अशा आखूड दांड्या दिसल्या की संशय बळावतो. पक्की खात्री कल्चर (नमुन्यातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) किंवा पीसीआर (जीवाणूची जनुकीय तपासणी) यांनीच होते, पण दिशा तासाभरात कळते. एवढी साधी तपासणी केवळ पक्षी वेळेवर न पोचल्यामुळे राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

पक्षी पोचत नाही, कारण तोवर तो शेडमागच्या खड्ड्यात, ओढ्यात नाहीतर तळ्यात फेकलेला असतो. खरे नुकसान इथे होते. तसा हा जीवाणू चिवट नाही. ऊन, कोरडी हवा, साधी जंतुनाशके त्याला मारतात. ६० अंश सेल्सिअसला तो दहा मिनिटे टिकत नाही. मेलेल्या शरीरात आणि घाण पाण्यात मात्र तो बराच काळ तग धरतो. पक्षी मरताना त्याच्या चोचीतून गळणारा स्राव या जीवाणूंनी भरलेला असतो. दुसरे पक्षी त्या मेलेल्या पक्ष्याला टोचतात, तेच पाणी पितात. उंदीर आणि मांजरे हा जीवाणू तोंडात बाळगतात आणि पुढच्या शेडपर्यंत नेतात. पाण्यात टाकलेला एक पक्षी त्या पाण्यावर उतरणाऱ्या सगळ्या रानपक्ष्यांना धोक्यात घालतो.

रानपक्ष्यांचे काय होते, हे जगाने पाहिलेले आहे. अमेरिकेत पाणथळ जागा आटून हिमहंस आणि बदके उरल्यासुरल्या पाण्यावर दाटीने जमली, तेव्हा या रोगाने एकेका हंगामात हजारोंनी मेली. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात अॅमस्टरडॅम नावाचे एक बेट आहे. तिथे अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिले या रोगाने मोठ्या संख्येने दगावतात. त्याच बेटावर, आणि जगात फक्त तिथेच, अल्बट्रॉसची एक दुर्मीळ जात घरटी करते. तिची मादी दोन वर्षांतून एकच अंडे घालते. अशा जातीजवळ हा रोग असणे किती भयंकर आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता औषधाविषयी. मर सुरू झाली की पाण्यात प्रतिजैविक टाकायचे, ही सर्रास पद्धत आहे. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, त्यामुळे ज्याला औषध हवे त्याच्या पोटात ते पुरेसे जात नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसला प्रकार होतो. मर थांबल्यासारखी वाटते, औषध बंद केले की पुन्हा सुरू होते. शिवाय अंड्यांत आणि मांसात औषधाचा अंश उतरतो तो वेगळाच. औषध द्यावेच लागते, पण कोणते चालेल हे तपासून, ठरलेले दिवस आणि पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून. वाचलेले पक्षी बरे दिसले तरी त्यांच्या नाकाघशात जीवाणू राहू शकतो, कधी आयुष्यभर. त्यांच्यात नवी पिल्ले सोडणे म्हणजे पुढच्या साथीची तयारी. जुना कळप पूर्ण काढून, शेड धुऊन-वाळवून, उंदरांचा बंदोबस्त करूनच नवा भरावा.

लस आहे, आणि तिचा इतिहास मोठा आहे. लुई पाश्चर यांनी १८८० मध्ये याच रोगाचे जुने, दुबळे झालेले जीवाणू कोंबड्यांना टोचून त्या पुढच्या जोरदार मात्रेतून वाचतात हे दाखवले. प्रयोगशाळेत दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसींची सुरुवात तिथली. तरीही आज लस टोचून निश्चिंत होता येत नाही. या जीवाणूचे १६ सिरोटाइप, म्हणजे उपप्रकार, आहेत आणि मृत जीवाणूंची लस प्रामुख्याने तिच्यात असलेल्या प्रकारांपासूनच वाचवते. जिवंत लस जास्त प्रकारांना पुरते, पण तिच्यामुळे कधी कधी रेंगाळणारा आजार जडू शकतो. म्हणजे लस निवडायची तरी आधी आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे माहीत हवे, आणि ते मेलेला पक्षी तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पक्षी मेल्याची बातमी छापाल तेव्हा तिच्याशेजारी एक छोटी चौकट द्यावी. उघड्या हाताने पक्षी उचलू नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे, कारण वरवर पाहून हा रोग आणि बर्ड फ्लू यांतला फरक कुणालाच सांगता येत नाही. दवाखान्याने सांगितल्यास ताजा मेलेला पक्षी बंद पिशवीत, बर्फात ठेवून तपासणीला द्यावा. शक्यतो औषध सुरू करण्यापूर्वी. बाकीचे पाण्यापासून दूर, चुना टाकून खोल पुरावेत किंवा जाळावेत. मेलेला किंवा मरू घातलेला पक्षी विकू नये, खाऊ नये. हाताला जखम असेल तर जास्त जपावे, माणसाला हा जीवाणू बहुधा जखमेतून किंवा मांजराच्या चाव्यातून बाधतो.

आणि बर्ड फ्लूचा अहवाल निगेटिव्ह आला, तर आपल्या बातमीदाराने त्याच दिवशी संबंधित अधिकाऱ्यांना विचारावे की जीवाणूंसाठी कल्चर केले होते का, आणि त्यात काय आले. ते उत्तरही छापावे.

आपला नियमित वाचक,
एक पशुवैद्यक