अव्याला पत्र: एकही कटसीन स्किप करू नकोस

नाशिक
रविवार रात्र

प्रिय अव्या,

तुझा मेसेज बघितला. डीमन स्लेयरचा, म्हणजे राक्षस मारणाऱ्या तांजिरोच्या त्या जपानी ॲनिमेचा, इन्फिनिटी कॅसल पिक्चर बघून थिएटरबाहेर पडलास आणि लगेच विचारलंस की त्याचा गेम घेऊ का, आणि घेतला तर पहिला घेऊ की दुसरा. चॅटवर दोन ओळीत सांगता आलं असतं पण या विषयावर माझं दोन ओळीत भागत नाही हे तुला चांगलं माहितीय, म्हणून निवांत बसून पत्रच लिहितोय. उत्तर आधीच देऊन टाकतो. घे, बिनधास्त घे, आणि पहिलाच घे, २०२१ चा हिनोकामी क्रॉनिकल्स. फक्त माझी एक अट आहे, कटसीन, म्हणजे मारामारीच्या मधले गोष्ट सांगणारे सीन, त्यातला एकही स्किप करायचा नाही. का ते आता सांगतो, लांबेल थोडं.

आधी हे बघ की बनवलाय कोणी. फुकुओकाची सायबरकनेक्ट टू, म्हणजे तीच मंडळी ज्यांनी नारुतोचे अल्टिमेट निंजा स्टॉर्म गेम केले, जे आपण तुझ्या मामाच्या घरी रात्र रात्र खेळायचो आणि मामी येऊन टीव्ही बंद करायच्या. त्यामुळे कंट्रोलर हातात घेतलास की तुला लगेच ओळखीचं वाटेल. गोल मैदान, समोर एक प्रतिस्पर्धी, कॅमेरा पाठीमागे, आणि मेन मारामारी एकाच बटणावर. ते बटण दाबत राहायचं आणि कॉम्बोच्या शेवटी स्टिक कुठे ढकलतोस त्यावर शेवटचा फटका बदलतो, समोरच्याला हवेत उडवायचं की जमिनीवर आपटायचं ते तू ठरवतोस. ऐकायला सोप्पं आहे आणि सुरुवातीला आहेच सोप्पं, पण स्किल गेजचे (स्पेशल मूव्हसाठीच्या ताकदीच्या पट्टीचे) पाच तुकडे असतात, प्रत्येक स्पेशल मूव्हला एक जातो, आणि ते हळूहळू आपोआप भरतात, म्हणजे उधळपट्टी केलीस की ऐन मोक्याला हात रिकामे. मग बूस्ट, आणि बूस्टमध्ये असताना परत एकदा दाबलंस की सर्ज, त्यात थोडा वेळ गेज संपतच नाही. खरी मजा त्या टायमिंगची आहे.

पण हे सगळं तुला कुठलाही यूट्यूबवाला सांगेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

तांजिरो वॉटर ब्रीदिंगचा, म्हणजे श्वासावर चालणाऱ्या त्याच्या तलवारबाजीचा, फॉर्म (ठरलेला वार) मारतो तेव्हा तलवारीमागून जे पाणी येतं ना, ते खरं पाणी नाहीये, काढलेलं चित्र आहे. जाड काळ्या रेषा, निळा रंग, वर पांढरा फेस, जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांसारखा, होकुसाईची ती मोठी लाट आठव. यूफोटेबल स्टुडिओने २०१९ मध्ये ॲनिमे आणला तेव्हा अर्धी दुनिया त्या पाण्यावरच फिदा झाली होती. गेमवाल्यांनी ते जसंच्या तसं थ्रीडीमध्ये आणलंय. दुसरा फॉर्म मार, तो पूर्ण गोल फिरतो आणि पाण्याचं चाक त्याच्याभोवती उभं राहतं, तिथे पॉज करून बघ, लाटेच्या कडेला ब्रशचा फटकारा दिसतो. आणि आता मुरातासोबत खेळ. मुराता म्हणजे तो साधा पोरगा, ना हाशिरा (राक्षस मारणाऱ्यांमधले सगळ्यात वरचे) ना हिरो. तो पण वॉटर ब्रीदिंगच वापरतो पण त्याचं पाणी फिकट आहे, जेमतेम दिसतं. कारण मूळ गोष्टीतच तसं आहे, ज्याची तयारी जेवढी तेवढंच त्याचं पाणी दिसणार. एवढ्या बारीक गोष्टीवर कोणीतरी बसून मेहनत घेतली, आणि ती पण एका साइड कॅरेक्टरसाठी, याचं मला फार कौतुक आहे.

आता मुद्द्यावर येतो. गेमची सुरुवात होते सागिरी डोंगरावर, तिथेच शिकलेल्या साबितोशी लढाई, तेच ट्युटोरियल आहे. तिथून फायनल सिलेक्शन, म्हणजे स्लेयर व्हायची परीक्षा, आणि तो हातांचा डीमन, म्हणजे राक्षस. अंगभर हातच हात, मान पण हातांनी झाकलेली. तो जमिनीखालून हात काढतो, तू पळत राहतोस, तो दमला की वार करतोस. आणि तुला मनापासून त्याचा राग येतो, कारण त्याने तांजिरोच्या गुरूचे, उरोकोदाकीचे, शिष्य एकामागून एक खाल्लेत, कोल्ह्याचा मास्क बघून ओळखून, मुद्दाम. डोंगराभोवती विस्टेरियाची फुलं असल्यामुळे तो तिथे वर्षानुवर्षं कोंडला गेलाय, बाहेर सम्राट बदलला, युग बदललं, ताइशो चालू झालं, आणि हे त्याला तांजिरोकडून कळतं. तू जिंकतोस, मान उडते, हुश्श वाटतं. आणि मग तो विरघळायला लागतो आणि त्याला आठवतं की तो लहान पोरगा होता आणि त्याला दादाचा हात धरायचा होता. बस एवढंच. आणि तांजिरो काय करतो, पुढे होऊन त्याचा हात हातात घेतो.

अव्या, ॲनिमेत हे बघताना मी रडलो होतो, ते तुला माहितीय. पण गेममध्ये वेगळंच होतं, कारण आत्ता दोन मिनिटापूर्वी त्याला मी मारलंय, माझ्या अंगठ्यांनी, चिडून, दात ओठ खाऊन. बघणारा आणि मारणारा यात फरक आहे. ॲनिमेत तू तांजिरोच्या शेजारी उभा असतोस, गेममध्ये तलवार तुझ्या हातात असते, आणि मग समोरच्याचं बालपण तुला दाखवतात. हे मला दुसऱ्या कुठल्या ॲक्शन गेममध्ये इतकं लागलं नाही. बाकी गेममध्ये बॉस मेला की पॉइंट्स येतात, लूट येते, पुढची लेव्हल. इथे पण रँक येतो, एस मिळाला की बरं वाटतं, पण रँकच्या आसपासच कुठेतरी तो हात पण असतो.

रुई नावाच्या राक्षसाचं पण तसंच. नातागुमो डोंगर, बारा किझुकी, म्हणजे सगळ्यात ताकदवान बारा राक्षसांमधला, लोअर मून फाइव्ह, कोळ्याचे धागे. ही फाइट गेममधली माझी सगळ्यात आवडती आहे आणि अवघड पण आहे, धागे सगळीकडून येतात, जवळ जायलाच देत नाही, तांजिरोची तलवार तुटते, आणि मग वडिलांचा तो नाच आठवतो, हिनोकामी कागुरा, आणि पाण्याची आग होते. निळ्याचं केशरी होताना स्क्रीनवर बघ, मोठ्या टीव्हीवर बघ, आवाज मोठा ठेव. तांजिरोला मूळ ॲनिमेचाच आवाज आहे, नात्सुकी हानाए, त्यामुळे जपानी ऑडिओ ठेव, ते बदलू नकोस. तांजिरोची बहीण नेझुको, जी स्वतः राक्षस झालीय, तिचं रक्त धाग्यांवर पेटतं आणि मान उडते आणि तू सोफ्यावरून उठतोस. पण ती मान तू उडवलेलीच नसते, रुईने आधीच स्वतःच्या धाग्याने स्वतः कापून घेतलेली असते. शेवटी त्याला संपवतो तो गियू, पाण्याचा हाशिरा. आणि मग रुईचे आईवडील, आजारी पोरगा, बर्फात धड चालता न येणारा, ज्याने आईबापाला मारलं आणि मग घाबरवून घाबरवून खोटं कुटुंब जमवलं. गियू त्याच्या रिकाम्या कपड्यावर पाय देऊन उभा राहतो आणि तांजिरो म्हणतो पाय काढा, तो पण आधी माणूसच होता. अख्ख्या सिरीजचा जीव मला त्या एका सीनमध्ये दिसतो.

म्हणून सांगतोय स्किप करू नकोस. तुझी सवय मला माहितीय, फाइट आली की जागा होणार आणि बोलणं चालू झालं की फोन काढणार. इथे फोन लांब ठेव.

आता जे नाही जमलं ते पण सांगतो, नाहीतर तू म्हणशील हा फॅन आहे म्हणून काहीही बोलतो. फाइट्सच्या मधलं चालणं फिरणं कच्चं आहे. तांजिरोचं नाक तीक्ष्ण आहे म्हणून बटण दाबलं की वास रंगीत धुरासारखा दिसतो आणि त्यामागे जायचं, कल्पना एक नंबर, पण रस्ते अरुंद, जिकडे तिकडे न दिसणाऱ्या भिंती, वास जिथे नेतो तिथेच जायचं. आसाकुसा आलं तेव्हा मला खूप आशा होती. ताइशो काळातलं टोकियो, विजेचे दिवे, गर्दी, डोंगरात वाढलेला पोरगा ते बघून गरगरतो आणि कोपऱ्यातल्या गाडीवर उदोन (जाड नूडल्स) खायला बसतो, ॲनिमेत तो भाग काय जिवंत आहे. गेममध्ये दिवे आहेत पण शहर नाही, पटकन उरकलंय. आणि बरेच छोटे प्रसंग मेमरी फ्रॅगमेंट म्हणून रस्त्यात पडलेले असतात, गोळा करायचे आणि मेनूत जाऊन बघायचे. हे मला पटलं नाही. ढोलवाल्या डीमनच्या घरात, क्योगाईच्या, तांजिरो लढता लढता जमिनीवर पडलेल्या त्याच्या कागदांवर पाय पडू देत नाही, कारण कोणीतरी मेहनतीने लिहिलेलं आहे ते, आणि तो पाय चुकवतानाच त्याला मोडलेल्या बरगड्या घेऊन कसं हलायचं आणि श्वास कसा घ्यायचा ते सापडतं. कागद तुडवले तर काहीतरी बिघडेल, असं काही त्या फाइटमध्ये खेळणाऱ्याच्या हातात दिलं असतं तर काय झालं असतं विचार कर. गोष्टीतच तयार गेमप्ले होता आणि तो वापरला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटचा भाग मुगेन ट्रेनचा आहे, २०२० चा तो पिक्चर, ज्याने जपानमध्ये स्पिरिटेड अवेचा कमाईचा रेकॉर्ड मोडला. तुला शेवट माहितीय त्यामुळे लपवत नाही. अकाझा नावाच्या ताकदवान राक्षसासमोर तू आगीचा हाशिरा रेंगोकू म्हणून खेळतोस. आणि तू चांगला खेळतोस, खेळायलाच लागतं, अकाझाचा हेल्थ बार तू स्वतः खाली आणतोस, सगळं नीट करतोस, आणि तरी जे व्हायचंय ते होतंच, रेंगोकू मरतो. काही लोक म्हणतात की हा गेमचा दोष आहे, जिंकून पण हरवतात. मला उलट वाटतं. रेंगोकू ट्रेनमधल्या दोनशे माणसांपैकी एकालाही मरू देत नाही, त्याच्या हिशोबात तो जिंकलाच आहे, आणि तुझ्या हातून जिंकवल्यामुळे ते तुला नुसतं ऐकून नाही तर खेळून कळतं. मग तांजिरो जंगलात पळणाऱ्या अकाझावर ओरडतो, पळपुट्या म्हणतो, रेंगोकू हरलाच नाही म्हणून ओरडत राहतो. तिथे कंट्रोलर आपोआप मांडीवर येतो. इन्फिनिटी कॅसलमध्ये अकाझाचं जे काही तू बघून आलास, त्यानंतर तर ही फाइट तुला अजून वेगळी दिसेल, दोघांचीही बाजू डोक्यात असेल. तू खेळलास की यावर मला तुझ्याशी तासभर बोलायचंय.

व्हर्सस मोड (एकमेकांशी लढायचा) तुझ्या धाकट्यासोबत खेळ, त्याला आवडेल. रिलीजला १८ कॅरेक्टर होते आणि त्यात एकही डीमन नव्हता (नेझुको सोडून अर्थात), शाळेच्या युनिफॉर्मवाले सहा तर तेच लोक परत, आणि उरलेल्यात वॉटर ब्रीदिंगवालेच भरपूर, लोक वैतागले होते आणि बरोबरच होतं. नंतर फुकटच्या अपडेटमध्ये रुई, अकाझा, एन्मू, सुसामारू वगैरे राक्षस आले. धाकट्याला तांजिरोचा मित्र झेनित्सू दे, त्या बिचाऱ्याला एकच फॉर्म येतो पण तो फॉर्म विजेसारखा आहे, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला. तू गियू घे, त्याचा अकरावा फॉर्म नागी, शांत उभं राहायचं आणि समोरचा वार करायला आला की त्याचाच वार जिरवायचा, घाई करणाऱ्याविरुद्ध फार भारी चालतो.

दुसरा गेम २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलाय, त्यात एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट, सोर्डस्मिथ व्हिलेज आणि हाशिरा ट्रेनिंग हे गोष्टीचे पुढचे भाग, ४० च्या वर कॅरेक्टर, दोघांचे मिळून अल्टिमेट पण आहेत. मारामारी म्हणून तो जास्त भरलेला आहे यात वाद नाही. जुनी गोष्ट पण त्यात थोडक्यात खेळता येते, म्हणून बरेच जण सांगतील की डायरेक्ट दुसराच घे. पण थोडक्यात हाच तर प्रॉब्लेम आहे, हातवाला डीमन आणि रुई थोडक्यात उरकायच्या गोष्टी नाहीत. पहिला सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्तात येतो, थांब थोडा. पूर्ण झाला की दुसरा घे, ग्युतारो आणि दाकी या राक्षसांसाठी तर घेच, ती बहीण भाऊ तुला तांजिरो नेझुकोची उलटी बाजू दाखवतील.

दिवाळीत येतोय मी तिकडे, दुसरा कंट्रोलर घेऊन येईन, तुझ्या त्या जुन्याची स्टिक एका बाजूला ओढते. तोपर्यंत नातागुमोपर्यंत तरी पोहोच, आणि रुई झाला की त्याच रात्री फोन कर, कितीही वाजले असले तरी उचलेन. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सुम्या