साडेतीन हजार शब्द आणि बर्फीचे पाच डबे

नागपूर,
१८ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र चार दिवसांपूर्वी मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू विचारलेला प्रश्न एका ओळीचा असला तरी त्याचे उत्तर एका ओळीत देणे मला जमेना. ‘जीआरईसाठी किती शब्द पाठ करावेत?’ असे तू परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या या परीक्षेविषयी विचारतोस. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी लक्ष्मीनगरातल्या मामेभावाला विचारला होता. त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘साडेतीन हजार’ असे सांगितले आणि कोपरे दुमडलेली आपली जुनी यादी माझ्या हाती ठेवली. त्या यादीने माझे सहा महिने खाल्ले, म्हणून आधी ती हकीकत ऐक.

मामेभावाचा सल्ला खोटा नव्हता, जुना होता. त्याने परीक्षा दिली ती २०११ च्या आधी. त्या काळी विरुद्धार्थी शब्द ओळखण्याचे आणि शब्दांच्या दोन जोड्यांतले नाते जुळवण्याचे प्रश्न असत. शब्द सुटा समोर येई आणि ज्याला अर्थ पाठ असेल त्याला गुण मिळून जात. ऑगस्ट २०११ मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेने हे दोन्ही प्रकार काढून टाकले आणि २०० ते ८०० ही गुणांची जुनी पट्टी जाऊन १३० ते १७० ही नवी आली. सप्टेंबर २०२३ पासून तर सगळी परीक्षाच एक तास अठ्ठावन्न मिनिटांत आटोपते. त्यात व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेचे, २७ प्रश्न आहेत, पहिल्या भागात १८ मिनिटांत १२ आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५, आणि पहिला भाग तू कसा सोडवतोस यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. उरलेल्या निम्म्यांत शब्दांची परीक्षा असते खरी, पण शब्द नेहमी वाक्यातल्या रिकाम्या जागेच्या दाराशी उभा असतो, एकटा कधीच भेटत नाही.

हे ठाऊक असूनही मी यादीच घोकली. लोकमान्यनगरला मेट्रोत बसायचे आणि सीताबर्डी येईपर्यंत वीस शब्द संपवायचे, असा नेम होता. डावीकडे शब्द, उजवीकडे एकच अर्थ. शंकरनगर चौक गेला की उजवी बाजू हाताने झाकून स्वतःची परीक्षा घ्यायची. दीड हजारांचा टप्पा पार केल्यावर मोठ्या रुबाबात धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये सराव परीक्षेला बसलो, आणि तिथे ज्या शब्दाने मला आडवे केले तो यादीत नव्हताच. वाक्याचा आशय असा होता, की नव्या सिद्धांताचे इतरांनी तोंड भरून कौतुक केले, परंतु पुरावा अजून अपुरा आहे असे वाटत असल्यामुळे त्या ज्येष्ठ संशोधिकेची स्तुती मात्र अमुक प्रकारची होती. पाच पर्यायांत ‘क्वालिफाइड’ होता. क्वालिफाइड म्हणजे पात्र, पदवीधर, लग्नाच्या जाहिरातीतला, असे म्हणून मी तो पहिल्याच फटक्यात खोडला आणि आदल्याच दिवशी पाठ केलेला ‘इफ्यूसिव्ह’ मोठ्या प्रेमाने निवडला. इफ्यूसिव्ह म्हणजे ओसंडून वाहणारी स्तुती, अर्थात जे हवे होते त्याच्या नेमके उलट. ‘क्वालिफाइड प्रेझ’ म्हणजे हातचे राखून केलेली स्तुती. ‘हातचे राखून’ हा वाक्प्रचार आपण लहानपणापासून वापरतो, आणि तरीही मी चुकलो.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त दगा देतात. ‘चेक’ म्हणजे तपासणे एवढेच आपल्याला ठाऊक. तो लगाम घालणेही असतो. ‘अरेस्ट’ केवळ पोलीस करत नाहीत, झीज थांबवणे हेही अरेस्टच. ‘टेंपर’ म्हणजे राग खरा, पण क्रियापद झाले की तो धार कमी करतो, सौम्य करतो. ‘सँक्शन’ तर दुतोंडी आहे: आपल्या वर्तमानपत्रात एका पानावर पुलाचा निधी सँक्शन होतो, म्हणजे मंजूर होतो, आणि परदेशाच्या पानावर एखाद्या देशावर सँक्शन्स लागतात, म्हणजे निर्बंध येतात. असे शंभरेक शब्द आधी काढून वहीत लिही. साडेतीन हजारांचे पुढे पाहू.

दुसरी गोष्ट शब्दाच्या छटेची. माझी आजी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते, हे तू पाहिलेच आहेस. तिला आई काटकसरी म्हणते, शेजारच्या काकू कंजूष म्हणतात आणि आमचे काका सरळ चिक्कू म्हणतात. पिशव्या त्याच, आजी तीच. शब्द बदलला की बोलणाऱ्याच्या मनातले समजते. इंग्रजीतही ‘फ्रूगल’ आणि ‘थ्रिफ्टी’ हे आईच्या बाजूचे आहेत, ‘पार्सिमोनियस’ आणि ‘माइझर्ली’ हे काकूंच्या. माझ्या यादीत चौघांपुढेही ‘कमी खर्च करणारा’ एवढेच छापले होते! आता मी शब्दापुढे कोशातला अर्थ लिहीत नाही, तो शब्द आमच्या घरात कोण कोणाबद्दल वापरेल ते लिहितो. हसू नकोस, ‘गॅरुलस’पुढे, म्हणजे बडबड्यापुढे, लिहिलेले नाव तुझ्या चांगल्या परिचयाचे आहे.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाच्या प्रश्नात ही छटाच कामी येते. तिथे सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे, की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहावा. एक बरोबर आणि एक चूक आला तर अर्धा गुणसुद्धा मिळत नाही. प्रश्न काढणारे लबाड असतात: एकमेकांशी तंतोतंत जुळणारी, पण वाक्यात न बसणारी जोडी ते मुद्दाम ठेवतात, आणि वाक्यात अगदी चपखल बसणारा, पण जोडीदार नसलेला एखादा शब्दही पेरतात. म्हणून पर्याय झाकून आधी रिकाम्या जागी आपला मराठी शब्द घालावा आणि मगच हात उचलावा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा जागा मात्र कोरी सोडू नये.

आता आपल्या हातात असलेली खरी पुंजी सांगतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स या भाषापंडिताने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. परीक्षेतले कितीतरी अवघड शब्द लॅटिनमधून आलेले आहेत, म्हणजे आपल्या चुलत घराण्यातले. ‘नोव्हिस’मध्ये आपला ‘नव’ आहे आणि अर्थही नवशिका. ‘प्रोजेनी’ आणि ‘कंजेनिटल’मध्ये ‘जन्’ धातूचा भाऊबंद आहे. ‘मोरिबंड’ मला महिनाभर लक्षात राहत नव्हता. मग ‘मुमूर्षू’ आठवला, मरणपंथाला लागलेला, तोच ‘मृ’, तोच अर्थ. ‘सब्जुगेट’ म्हणजे जुवाखाली आणणे, कारण लॅटिन ‘जुगुम’ आणि आपल्या बैलाच्या मानेवरचे ‘जू’ हे सख्खे चुलत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला तुमच्या वाड्यावर ज्या जागी हळद आणि लोणी चोळतात, ती घट्टे पडलेली जागा आठव. हा शब्द पुन्हा विसरणार नाहीस. स्वभावाचे शब्दही असेच. ग्रीक वैद्यक चार द्रव मानत असे, म्हणून ‘कॉलेरिक’ म्हणजे ज्याचे पित्त चटकन खवळते तो आणि ‘फ्लेग्मॅटिक’ म्हणजे कफप्रकृतीचा, थंड माणूस. ‘सँग्विन’ रक्तावरून आला, पण अर्थ आशावादी; रक्तपाताचा शब्द ‘सँग्विनरी’ आहे. या दोघांत माझा एक गुण गेला आहे.

नुसत्या दिसण्यावरून नाते जोडू नकोस, एवढे मात्र सांभाळ. ‘एनर्व्हेट’ ऐकून अंगात शक्ती आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात तो शक्ती काढून घेतो. ‘नॉइसम’चा आवाजाशी काही संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द आहे. ‘रेस्टिव्ह’ माणूस विश्रांती घेत नसतो, तो बेचैन असतो.

उजळणीविषयी थोडक्यात. हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. पाठ केलेले सुरुवातीला भराभर गळते आणि मग गळती मंदावते, असे त्याला आढळले. त्यावर सेबास्टियन लाइटनर या जर्मन गृहस्थाने १९७० च्या दशकात डब्यांची युक्ती लोकप्रिय केली. माझे डबे संत्रा बर्फीचे आहेत. पाच रिकामे डबे, आत कार्डे. शब्द आला की कार्ड पुढच्या डब्यात, चुकला की कितव्याही डब्यातून थेट पहिल्यात. पहिला डबा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, पुढचे आणखी अंतराने. मोबाइलवरही हे होते, परंतु सध्याच्या उन्हात दुपारी कूलरसमोर बसून कार्डे चाळण्याचे सुख त्यात नाही, फक्त वाऱ्याने ती उडू नयेत म्हणून वर अडकित्ता ठेवावा लागतो.

पहिल्या खेपेला मला व्हर्बलमध्ये १४९ मिळाले होते, दुसऱ्या खेपेला १५८. त्या वेळी कार्डे होती नऊशे. हवा असेल तर हाच तुझा आकडा समज. दोन परीक्षांत किमान २१ दिवसांचे अंतर लागते आणि गुण पाच वर्षे चालतात, तेव्हा तारीख घाईने घेऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात काका तिकडे येत आहेत. त्यांच्याबरोबर पहिले दोन डबे पाठवतो. रिकामे समजून कोणी फेकू नयेत, म्हणून सुतळीने बांधले आहेत. त्याबदल्यात माझे एक काम कर. ‘टेनेशस’, ‘ऑब्स्टिनेट’, ‘ऑब्ड्युरेट’ आणि ‘रेझोल्यूट’ या चौघांसमोर मला ‘चिवट’, ‘हट्टी’, ‘निगरगट्ट’ आणि ‘निश्चयी’ लावायचे आहेत, पण ‘हेकट’ शिल्लक उरतो आणि त्याला जागा सापडत नाही. तुझ्या आईला विचार, त्या हेकट कोणाला म्हणतात, आणि का.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
नागपूरकर मित्र

ता. क. ‘क्वालिफाय’चे कार्ड पहिल्याच डब्यात आहे. परवा पुन्हा चुकलो.