डावा कान

प्रिय मनू,

परवा मी फोन मधेच ठेवला, ते चुकलंच. पण “डाव्या कानात दोन दिवस शिट्टी वाजतेय, जाईल आपोआप” हे तू सर्दी झाल्यासारखं सांगितलंस, आणि माझं डोकं फिरलं.

काय झालं ते तूच समजावलंस. तू लिहीत होतीस त्या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये डिले आहे, म्हणजे आवाज थोडा उशिरा परत ऐकवणारा भाग. तो आवाज दर फेरीला पुन्हा आत सोडताना (फीडबॅक) ज्याने गुणायचा तो गुणक ०.९८ हवा होता, घाईत १.०२ पडला. मी कागदावर मांडून बघितलं: ३५ फेऱ्यांत आवाज दुप्पट. डिले १० मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत. पुढे तो चढतच जाणार. हेडफोन ओढून काढायला हात तरी पोचतो का तेवढ्यात?

लहानपणी तू टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून फिरत्या चाकावर करंगळी टेकवायचीस. माझा रेकॉर्ड केलेला आवाज घोगरा, रेंगाळलेला व्हायचा आणि तू हसून लोळायचीस. किती कॅसेटी गुंडाळल्यास! पुढे तुझा पहिला प्लगइन, म्हणजे आवाजाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, निघाला तो फ्लँजर: एकाच आवाजाच्या किंचित मागेपुढे सरकणाऱ्या दोन प्रती मिसळणारा. पूर्वी स्टुडिओत एकच गाणं दोन टेपवर लावून एका रिळाच्या कडेवर बोट दाबायचे, त्या कडेला फ्लँज म्हणतात, हे तूच सांगितलंस. मी ते भेटेल त्याला सांगतो. आईला आता पाठ झालंय.

तर कान. नवा कोड आधी डोळ्यांनी बघ, लहरीचा आलेख काढून. मग स्पीकरवर, हळू आवाजात. हेडफोन सगळ्यात शेवटी, तेही साखळीच्या टोकाला लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीवर चढू न देणारा भाग, बसवून. सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने (सॅम्पल्स) असले, तर १२८ सॅम्पल्सचा एक गठ्ठा (बफर) सुमारे २.७ मिलिसेकंदांत भरून द्यावा लागतो, म्हणून आवाज तयार करणाऱ्या कोडमध्ये (ऑडिओ थ्रेडमध्ये) नवी मेमरी मागायची नाही, दुसऱ्या कोडने लावलेलं कुलूप उघडायची वाट बघत थांबायचं नाही, एवढी शिस्त तू पाळतेस. मग स्वतःच्या…

जाऊ दे. तुझ्याच धंद्यातलं तुलाच शिकवतोय. माफ कर.

आप्पांचं तू पाहिलंयस. छापखान्यातल्या यंत्रापाशी उभं राहून गेले त्यांचे कान, पण एका दिवसात नाही गेले. तेही “जाईल आपोआप” म्हणायचे.

नोकरी सोडलीस त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. उद्याच कानाच्या डॉक्टरांकडे जा, एवढंच.

तुझा,
बाबा

ता. क. फोन आधी उजव्या कानाला लाव, मग डाव्या. आईचा आवाज दोन्हीकडे सारखा येतो का ते कळव. खरं कळव.